कपाळावरचा उजेड

माघ शुद्ध सप्तमी, शके १७८६. उमरावती.

शेड उभी राहिली एकदाची. उत्तरेकडच्या उताराची कौलं उतरवून तिथं मांजरपाट ताणला, तर सुतार विचारतो, घर बांधून राहिले का मोडून राहिले? त्याच्याशी कोण डोकं लावणार. उत्तरेच्या अंगानं ऊन थेट येत नाही, उजेड दिवसभर एकसारखा झिरपतो आणि तसबिरीला असाच उजेड लागतो. मुंबईला पारशी मालकाकडे काचा धुता धुता एवढं तर शिकलोच. कापसानं आपल्या वऱ्हाडात लोकांच्या अंगावर सोनं चढवलंय. आता ते सोनं घालून तसबीर काढून घ्यायची हौसही त्यांना येईल, आणि जवळपास दुसरा तसबीरवाला मला तरी ठाऊक नाही.

गोदाबाई म्हणाली, गुरांचा कोठा दिसतो. ती अकोल्याच्या जुन्या शहरातली, तिच्या जिभेला हाड नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझ्या एका कामाला तिनं चांगलं म्हटल्याचं आठवत नाही.

माघ शुद्ध एकादशी.

पहिल्याच गिऱ्हाइकानं तसबीर परत आणून दिली. बाजारातला कापसाचा अडत्या, मिशा पिळून आला होता. मी त्याला डावीकडून उजेड दिला आणि उजव्या अंगाला काळी चादर टांगली. नाक कसं धारदार आलं. गालाचं हाड वर उठलं. मालकानं पाहिली असती तर पाठ थोपटली असती. हा म्हणतो, अर्धंच तोंड काढलं, उरलेलं अर्धं कुठं ठेवलं? मी सांगितलं, ती सावली आहे, सावलीनंच माणूस कागदावरून उठून बसतो. त्यावर म्हणे, माझे दोन्ही गाल सारखेच गोरे आहेत, विचारा माझ्या बायकोला. गोदाबाई आत फिदीफिदी हसत होती.

दुसरी काढून दिली नाही. मीही हट्टाचा आहे. आज यांना सावली कळत नाही, उद्या कळेल.

माघ वद्य तृतीया.

आज बरं गिऱ्हाईक लाभलं. वडाळीच्या वाटेवर ज्यांची मोठी काळी जमीन आहे, त्या घरचा धाकटा मुलगा नत्थुजी आणि त्याची बायको जयवंता. घरचा यंदाचा सगळा कापूस घेऊन तो परवा मुंबईला निघतोय. होळीपर्यंत येतो म्हणाला. जाण्याआधी दोघांच्या तसबिरी हव्यात. मी म्हटलं, एकाच काचेवर दोघं शेजारी बसा, शोभून दिसाल. त्यानं हातच झटकला. नवरा-बायकोनं असं शेजारी बसून जगाला दाखवायचं म्हणजे लाज सोडल्यासारखंच, म्हणाला. मग वेगवेगळ्या काढल्या. त्याला सरळ समोरचा उजेड हवा होता, दिला. पगडी, उपरणं, मांडीवर हात. ठोकळा आला.

जयवंता मात्र निळंभोर लुगडं नेसून आलेली. कपाळावर मोठं कुंकू, हातभर हिरवा चुडा, गळ्यात सोनं आणि सौभाग्याची काळ्या मण्यांची पोत. डोकं हलू नये म्हणून मानेमागं लोखंडी चिमटा लावला, तर तिला हसू आवरेना. दोन काचा त्यात वाया गेल्या. तिसऱ्या वेळी हसू ओठावरून गेलं, डोळ्यांत तेवढं राहिलं, आणि मी डब्याच्या भिंगावरचं झाकण काढलं. उजेड अगदी कडेनं दिला होता. मान आणि एक गाल सावलीत. असं काम मी मुंबईतही केलं नव्हतं, देवाशपथ.

नत्थुजीची लगेच वाळवून दिली, ती घेऊन तो गेला. हिची कागदावर चांगली छापून, पुठ्ठ्यावर बसवून मी स्वतः पोचवीन.

माघ वद्य द्वादशी.

जीव वैतागला आहे. आज जयवंताची तसबीर घेऊन घरी गेलो. नत्थुजी तर कधीच गेलेला. त्याची आई तानुबाई ओसरीवर बसली होती. तिनं तसबीर हातात घेतली, जराशी पाहिली आणि विस्तवाला हात लागावा तशी खाली टाकली.

निळं लुगडं पांढरंशुभ्र आलं होतं. कपाळ मोकळं. गळा मोकळा. हातात चुडा दिसेना. तानुबाईनं पाहिली ती तिच्या सुनेच्या तोंडाची एक विधवा.

आता हे लिहूनच ठेवतो. या काचेला निळं आणि पांढरं एकच. तांबडं, हिरवं, पिवळं तिला काळं दिसतं. कुंकू काळं झालं आणि सावळ्या कपाळात मिसळून गेलं. चुड्याचं तेच. सोनं आणि पोत मानेच्या सावलीत बुडाली. मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण मुंबईत आमच्याकडे जास्त करून साहेब आणि मडमा यायच्या, त्यांच्या कपाळावर काही नसतंच, म्हणून कधी अडलं नव्हतं. हे सगळं मी ओसरीवर उभा राहून सांगितलं. नत्थुजीचा थोरला भाऊ भगवंतराव घरातला कर्ता, त्यालाही सांगितलं. तो म्हणाला, डोळ्यांना जे दिसतं ते दिसतं.

जयवंता दाराआड होती. तिनं तसबीर उचलली आणि पदरानं पुसली, वरची धूळ गेली की कुंकू दिसेल अशा बेतानं. मग पुन्हा पुसली.

निळं नेसायला मी सांगितलं होतं का?

फाल्गुन शुद्ध दशमी.

एकही बाई शेडकडे फिरकत नाही. माझा तसबिरीचा डबा पुढं घडणारं पाहतो अशी हवा उठली आहे. पुरुष येतात ते बायकोला न सांगता. आज दोघांना समोरचा उजेड देऊन मोकळा झालो. दोघंही खूश. माझं मन लागत नाही.

फाल्गुन वद्य पंचमी.

होळी झाली, रंग झाला, नत्थुजी आला नाही. निरोप नाही, चिठ्ठी नाही. कापूस घेऊन गेलेले गाडीवान परतले, ते म्हणाले आम्ही आगगाडीपर्यंत पोचवला, पुढं तो मालाबरोबर गेला. बाजारात कुणी म्हणतं मुंबईत पटकीची साथ आहे. लोकांना एवढं पुरे झालं.

दुपारी जयवंता आली. गोदाबाईला मेथी द्यायच्या निमित्तानं मागच्या दारानं आली आणि चुलीपाशी बसली. तानुबाई तिच्या हातचं पाणी घेत नाही. स्वतःही कोरडी भाकर एक वेळ खाते, तीही अर्धी टाकते. पोराचं नाव घेतलं की डोकं भिंतीवर आपटते. जयवंताचं अंथरूण गुरांच्या कोठ्यात गेलं आहे. आणि भगवंतरावानं ठरवलंय की अखजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, पितरांच्या पाण्याच्या घागरींशेजारी एक घागर नत्थुजीच्या नावानं ठेवायची. घागर ठेवली की माणूस मेला. मग हिचं कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या.

मला म्हणाली, "भाऊ, मी जशी आहो तशी काढा. कुंकू दिसलं पायजे, बस. मामीनं एकदा पाह्यलं तं तिले समजन का डबा चुकला."

सासूला ती मामी म्हणते. मी विचार केला आणि सोपा उपाय सांगितला. कुंकू पुसून घे आणि त्या जागी निळीचा टिळा लाव. तसबिरीत तो पांढरा येईल, ठळक येईल, कुणालाही दिसेल. यात माझं काही वाकडं बोलणं झालं का? ती रागावली नाही, पण तोंड उतरलं.

"पुसू नये म्हणूनच तं आली ना मी," म्हणाली.

ती गेल्यावर गोदाबाईनं माझी जी हजेरी घेतली ती इथं लिहीत नाही. शेवटी म्हणाली, तुमचा उजेड कोणत्या कामाचा, जर जित्या बाईचं कुंकू त्याले दाखवता येत नाई? हे मात्र झोंबलं. कारण खरं होतं.

फाल्गुन वद्य एकादशी.

गोदाबाईलाच खुर्चीत बसवतो आहे. कपाळ, कुंकू, रंग, सगळं जयवंतासारखंच. आरशानं उजेड फेकून पाहिला, तर कपाळावर पांढरा डाग पडतो आणि तिचे डोळे मिटतात. मांजरपाट काढून टाकला, तर नाकाची सावली ओठावर आली. मग काळी चादर काढली. मन दुखलं, पण काढली. तिच्या जागी धुतलेलं धोतर टांगलं. चेहरा दोन्हीकडून उजळला. कुंकू तरी काही सुटं होईना. काळ्यावर काळं.

चेहरा उजळायला हवा आणि कुंकू तसंच राहायला हवं. बोलायला सोपं आहे. उजेड काही कुंकवाला चुकवून पडत नाही.

गोदाबाई म्हणते मान आखडली. बसते मात्र.

चैत्र शुद्ध प्रतिपदा, शके १७८७.

सापडलं.

सणाचा स्वयंपाक करून गोदाबाई चुलीपासून तशीच उठून आली, घामेघूम. मी म्हटलं पुसू नकोस, बस. घामानं कपाळ चकाकत होतं आणि कुंकू होतं तसंच कोरडं. चकाकीनं उजेड उचलला, कुंकवानं नाही उचलला. काच धुतली आणि बघतो तर कपाळाच्या मधोमध काळाभोर गोल टिळा. मी ओरडलोच. तिला वाटलं काच फुटली.

मग दिवसभर सुचत गेलं. घामाऐवजी कुंकवाभोवती तिळाचं तेल बोटानं लावायचं. शेडची पूर्वेची भिंत चुन्यानं पांढरी करायची. मांडीवर पांढरं धोतर पसरायचं, म्हणजे उजेड खालून हनुवटीखाली शिरतो आणि पोतीचा मणी न् मणी चमकतो. लुगडं तांबडं किंवा हिरवं, निळं अजिबात नको. पडदा खाली ओढून उजेड समोरून द्यायचा. सावली जवळजवळ नाहीच. तोंड ताटासारखं सपाट येतं, हे मी कबूल करतो, आणि पारशी मालक पाहील तर थुंकेल. पण कुंकू येतं. त्याच्या डोक्यात हे आलं नव्हतं, माझ्या आलं.

गोदाबाईनं आपली तसबीर पाहिली आणि म्हणाली, कुंकू बरं आलं, बाई कोनाची आहे ते समजत नाई. तिला कौतुक करायचंच नाही.

चैत्र शुद्ध नवमी.

घात झाला. उन्हानं काचेवर ओतायच्या औषधाची बाटली अर्ध्यावर उडाली, बूच ढिलं राहिलं होतं. उरलेलं काचेवर ओतेपर्यंत वाळतं. नवीन आणल्याशिवाय इलाज नाही, आणि ते अकोल्याच्या बोहऱ्याकडे मिळतं. गोदाबाईनं जयवंताला सांगून ठेवलंय की अखजीच्या आधी नक्की काढू. ती म्हणाली होती, भाऊले म्हणा विसरू नोका. विसरायला मी काय दगड आहे? डबा, काचा, धोतर, तेल सगळं छकड्यात घातलंय. तिथं चार गिऱ्हाइकं केली तर हातही बसेल.

चैत्र वद्य तृतीया. अकोला.

मोर्णेच्या काठी तंबू ठोकला आहे. बोहऱ्यानं औषध दिलं. आजची गोष्ट फार आनंदाची.

सकाळी जुन्या शहरातून गडी बोलवायला आला, आमच्या बाईंना तसबीर काढायची आहे. घर नवं, दाराला नवा रंग. अंगणात शकुन नावाची बाई नटूनथटून बसली होती. मी डबा लावत होतो तेवढ्यात आतून तिच्या घरचा म्हणून जो माणूस आला, तो नत्थुजी. जिता, धडधाकट, नवा अंगरखा घातलेला. मला बघून त्याचा चेहरा पांढरा पडला. माझाही पडला असेल.

त्यानं मला बाजूला नेलं. म्हणाला, कापूस मुंबईला विकला पण पुढं भाव कोसळायला लागलाय, कोणत्या तोंडानं घरी जाऊ? इथं एका भागीदाराबरोबर अडत टाकली आहे. ही त्या भागीदाराची बायको, तो सौद्यासाठी खामगावला गेलाय. पाऊस पडला की मी सगळं नीट करून घरी जाईन, तोवर तुम्ही मला पाहिलं नाही. मला शपथ घ्यायला लावली. बिचारा, शरमेनं अंगानं वाळला नाही तरी मनातून खचलेलाच असणार.

मग तसबीर. शकुनबाई म्हणाली दोघांची एकत्र काढा. नत्थुजी जरा नको नको करत होता, पण ती ऐकेना, आणि मलाही काच वाचवायचीच होती. अकोल्याच्या बायका आता फार पुढं गेल्या आहेत. ती खुर्चीत बसली, तो मागं उभा राहिला. तिनंच त्याचा हात ओढून आपल्या खांद्यावर ठेवला, पगडीची घडी नीट केली. फार आपुलकीचं घर दिसतं. आणि मर्यादशील किती, एकदाही त्याचं नाव घेतलं नाही, नुसतं अहो.

माझा उजेड मात्र असा बसला, असा बसला की काय सांगू. कपाळाला तेल, मांडीवर धोतर, मागं चुन्याची भिंत. कुंकू ठसठशीत. पोत कोरी, आजच ओवल्यासारखी, मणी मोजून घ्या. एक तसबीर त्यांना दिली आणि एक मी गुपचूप ठेवून घेतली. शपथ घेतली खरी, पण तिकडं एका बाईच्या बांगड्या फुटायच्या आहेत. असली शपथ मोडली तर देव रागावणार नाही.

चैत्र वद्य द्वादशी. उमरावती.

आलो. वाटेत बैल लंगडला म्हणून मूर्तिजापूरला थांबावं लागलं. गोदाबाईला अजून काही सांगितलं नाही, तिच्या पोटात राहणार नाही. जयवंताला परवा सकाळी बोलावलं आहे. आधी बातमी सांगीन, मग तसबीर काढीन. भगवंतरावापुढं दोन्ही ठेवीन. माझा डबा अपशकुनी नाही हे सगळ्या गावाला कळेल.

चैत्र वद्य चतुर्दशी.

काय झालं ते मला समजलं नव्हतं. आता समजलं आहे. झालं तसं लिहितो.

जयवंता सकाळीच आली. तांबडं लुगडं, ताजं कुंकू, न्हालेली. गोदाबाईनं तिला खुर्चीत बसवून कपाळाला तेल लावलं. मी काचेवर औषध ओतायला घेतलं आणि राहवलं नाही म्हणून बोलूनच टाकलं, नत्थुजी जिता आहे, मी अकोल्यात पाहिला. तिनं गोदाबाईचा हात दोन्ही हातांनी धरला आणि रडता रडता हसायला लागली. माझेही डोळे भरून आले. माझ्यासारखा सुखी माणूस त्या घडीला उमरावतीत नसेल.

खरं वाटावं म्हणून मी तसबीर दिली. शिवाय कामही दाखवायचं होतं. म्हटलं, हे बघ, या बाईचं कुंकू कसं उठून आलंय, तुझंही असंच येईल.

तिनं तसबिरीतल्या बाईवर बोट ठेवलं. कोण आहे विचारलं. मी भागीदाराच्या बायकोचं सांगितलं. मग तिनं विचारलं, "हा हात तुमी ठेवाले लावला का त्याईनं ठेवला?"

मी खरं ते सांगितलं. बाईनंच ओढून ठेवला, आणि त्यानंही काढला नाही.

"माह्याजवळ बसाची तं लाज वाटे त्याले," ती म्हणाली.

मग उठली. आता माही नोको काढू, भाऊ, एवढं बोलली, तसबीर ओच्यात खोचली आणि गेली. काच हातात वाळून गेली. मी गोदाबाईकडं बघितलं, म्हटलं, हिला झालं काय? नवरा सापडला तर आनंदानं नाचायचं सोडून?

गोदाबाईनं चूल पेटवली, पाणी ठेवलं. मग म्हणाली, "तुमाले कुंकू दिसलं. कोनाच्या नावाचं आहे ते नाई दिसलं."

मी तिथंच बसून राहिलो. नवं घर, कोरी पोत, अहो, पगडीची घडी, सगळं डोळ्यांसमोर येत गेलं. एकही गोष्ट अशी नव्हती की जी मी पाहिली नव्हती. सगळी मीच उजेडात बसवली होती, आणि मीच नेऊन त्या बाईच्या हातात दिली. फार वाईट वाटतंय. जेवण गेलं नाही.

वैशाख शुद्ध द्वितीया.

दोन दिवस शेड उघडली नाही. उद्या अखजी. गोदाबाईशी बोललो. माझं म्हणणं, उद्या जाऊन भगवंतरावाला सांगायचं की भाऊ जिता आहे. कसाही असो, जित्या माणसाच्या नावानं घागर ठेवू देऊ नये, आणि जयवंताच्या बांगड्या वाचतील. गोदाबाई म्हणाली, वाचून कोनासाठी वाचतीन? पण जा, तुमाले गेल्याबिगर चैन पडनार नाई.

वैशाख शुद्ध तृतीया.

गेलो होतो. ऊन फार होतं.

तानुबाई दारातच भेटली. मला वाटलं आत येऊ देणार नाही. तिनं मला आंब्याच्या झाडाखाली नेलं आणि पदराखालून तसबीर काढली. जयवंतानं तिला दिली होती. दुसऱ्या कुणालाही दाखवली नव्हती. तानुबाईनं मला एकच विचारलं, ही कुठली आणि कधीची. मी सांगितलं, अकोल्याची, चैत्र वद्यातली, मीच काढली, पाऊस पडला की घरी येतो म्हणाला. मी पुढं म्हणालो की आता घागर थांबवा, मी भगवंतरावांना सांगतो.

"सांगू नोका," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "दोन महिने मी भाकर गियली नाई. भितीवर डोकं आपटलं. या पोरीले गुराईत निजवलं, का हिनं माहा पोरगा खाल्ला म्हनून. अन् हा अकोल्यात हात टेकून उभा. घरचा कापूस विकून त्या बाईले पोत ओवली. पानी पडलं का तिले घेऊन येईन अन् हिले मनीन तू कोठ्यातच राय. मेलेला मानूस कोनाले घेऊन येते, तसबीरवाले?"

ती घरात गेली आणि मीही मागोमाग गेलो, का गेलो माहीत नाही.

देवघरापुढं घागरी मांडल्या होत्या, वर आंबा आणि खरबूज. नत्थुजीच्या नावाची घागर दाराशी भरून ठेवलेली. जयवंता तांबड्याच लुगड्यात होती. तिनं कुणाला हात लावू दिला नाही. बांगड्या एकेक उतरवल्या, फोडल्या नाहीत, तानुबाईच्या ओटीत घातल्या. कुंकू स्वतः पदरानं पुसलं. एकदाच पुसलं. मग घागरीला हात घातला. भरलेली घागर जड असते. तानुबाईनं दुसरीकडून धरली, आणि दोघींनी मिळून ती पितरांच्या रांगेत नेऊन ठेवली.

भगवंतराव खांबाला धरून ओक्साबोक्शी रडत होता. घरात रडणारा तो एकटाच. त्याचा धाकटा भाऊ खरंच मेला होता.

मग जेवायला वाढलं. तानुबाईनं जयवंताला आपल्या शेजारी बसवलं आणि तिच्या हातून पाण्याचा तांब्या घेऊन घटाघटा प्याली.

मी निघालो तर तानुबाई ओसरीपर्यंत आली. म्हणाली, "अकोल्याले गेले तं नत्थूले सांगजा. पानी ठेवलं म्हना."

मी बरं म्हटलं.